तांदळातले बोर्ड

नवरा जाऊन पाच महिने झाले होते. मांडव्याजवळच्या एकाच कॉलेजात आम्ही दोघं शिकवायचो. डिजिटल सिग्नल प्रोसेसिंगचं हार्डवेअर हा विषय त्याचा. त्याचा नवा अभ्यासक्रम आखायचं काम विभागप्रमुखांनी माझ्याकडे दिलं. नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते. मी हो म्हटलं.

वर्गात शिकवायचा भाग आठवड्यात लिहून झाला. अडलं ते प्रात्यक्षिकांपाशी. खाऱ्या हवेने आमचे सर्किट बोर्ड सारखे बंद पडतात. तरी मुलांनी आवाजातली खरखर खऱ्या बोर्डावरच गाळून बघावी, हा त्याचा हट्ट होता. प्रमुखांना सगळं संगणकावर उरकायचं होतं.

"मॅडम, सहातला एक बोर्ड चालू होतोय. भंगारासाठी किती रडायचं?" ते म्हणाले, आणि लगेच ओशाळले.

"शुक्रवारपर्यंत बघते," मी म्हटलं.

बोर्ड पत्र्याच्या डब्यात असत, सोबत तांदूळ. ओल शोषायला ही युक्ती नवऱ्याचीच. झाकण काढलं तर तांदूळ कोरा, ताजा. मागे लॅबमधले मदतनीस काका येऊन उभे राहिले. ते तळा तालुक्यातले, घरची भातशेती.

"दर महिन्याला बदलतो, बाई. घरचाच हाय. सर गेले म्हणून खाडा केला न्हाय."

"सर असेच ठेवायचे? मोकळ्या तांदळात?"

"ते फडक्यात पुरचुंडी बांधायचे. मी म्हटलं, मोकळा घातला तर जास्त सुकंल."

मी एक बोर्ड पालथा करून हलकेच ठोकला. सॉकेटमधून तांदळाची पूड टेबलावर पडली. काका तिच्याकडे बघत राहिले.

"सर लई ओरडले असते."

"ओरडले असते. मग चहा सांगितला असता."

दोन दुपारी आम्ही समोरासमोर बसलो. ते मऊ ब्रशने पूड काढत, मी खोडरबराने पिना घासत होते. आधीचा धरून पाच बोर्ड चालू झाले. सहावा नाही झाला. तो मी तसाच डब्यात ठेवला.

शुक्रवारी मसुदा दिला. सगळी प्रात्यक्षिकं बोर्डावरच. पहिलं मात्र नवऱ्याच्या जुन्या यादीत नव्हतं: बोर्ड साफ करणे व सांभाळणे. साहित्य: ब्रश, खोडरबर, फडकं, मूठभर तांदूळ.

प्रमुखांनी चष्मा वर केला. "तांदूळ? आणि हे शिकवणार कोण?"

"काका," मी म्हटलं. "मी मागच्या बाकावर बसेन."

त्यांनी सही केली.