रुमालातला पावाचा तुकडा

माझा स्वभाव मूळचाच चोंबडा. ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले तेव्हा दोघींत मिळून एक मिळाला, आणि शेजारी बसणाऱ्या ख्रिस्ती मैत्रिणीला मी प्रश्न विचारून भंडावलं. चर्चमध्ये चपला बाहेर का काढता? डोक्यावरून पदर का घेता? शेवटी ती तेलुगू बाई वैतागून म्हणाली, "अक्का, एक बार आके देख लेव ना!"

नवऱ्याचं घर सोडून मी तेव्हा गौलीगुड्यात भाड्याच्या खोलीत राहत होते. ताई फोनवर म्हणाली होती, "तुझंच तोंड नडलं." मी फोन आपटला. त्याला तीन वर्षं झाली होती. ती विद्यानगरला, बसनं अर्धा तास. पण मेले तरी तिची पायरी चढणार नाही, असं मी ठरवलेलं. आई गेल्यावर मला तीच एक उरली होती, हे मात्र स्वतःशीही कबूल करत नसे.

एका रविवारी मलकपेठच्या त्या चर्चमध्ये गेले. बायका सतरंजीवर बसलेल्या. गाणी झाली आणि पावाच्या तुकड्यांचं ताट फिरलं. प्रसादाला नाही म्हणू नये, हे आमच्या घरचं वळण. मी उजवा हात पुढे करून तुकडा घेतला. मैत्रिणीनं मात्र ताट तसंच पुढे सरकवलं.

"तू का गं नाही घेतलास?" मी कुजबुजले.

कालपासून तिचं भावजयीशी बिनसलं होतं. ज्याच्याशी वाकडं आलंय त्याच्याशी आधी मिटवायचं, मगच हा पाव घ्यायचा, असं तिनं हळूच सांगितलं.

एका दिवसाच्या भांडणापायी हिनं ताट पुढे धाडलं, आणि मी तीन वर्षांचं घेऊन बसले होते! तुकडा खाववेना, टाकवेना. मी तो रुमालात गुंडाळला.

"आता ह्याचं काय करू?" बाहेर येऊन ताईचं सगळं तिला सांगितलं आणि मी तिच्यावरच चिडले.

"बहन के पास जाव. मैं आती साथ में."

देवाकडे येण्याआधी माणसाकडे जाऊन या, म्हणणारा देव मला नवाच होता. ताई दार लावून घेईल? रडेल? की मीच रडेन? बसमध्ये माझी टकळी चालूच, आणि मैत्रीण माझा हात धरून पुटपुटत प्रार्थना करत होती. ताईच्या फाटकाशी ती थांबली. "मेरी भी एक बाकी है," म्हणाली आणि भावजयीकडे निघाली.

दार ताईनंच उघडलं. तिचे केस किती पांढरे झाले होते! मी नुसता रुमाल उघडून पुढे धरला. कुठला, कसला, काही न विचारता तिनं पदर डोक्यावर घेतला, तुकडा मोडला, अर्धा स्वतः खाल्ला आणि अर्धा मला भरवला.

माफी मागायची होती, पण तोंडात घास होता.