दोरीपलीकडची बाटली

माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या भाऊजींना, शर्यतीच्या मैदानावर सगळे 'मिलिमीटर' म्हणतात. पाठीमागे म्हणतात, तोंडावर 'सर'. मोटारींची शर्यत संपली की पहिल्या तीन गाड्या थेट दोरी बांधलेल्या आवारात नेतात आणि तिथे भाऊजी त्यांची झडती घेतात. बाहेर लोक टाळ्या पिटत असतात आणि हे गृहस्थ जिंकलेल्या गाडीच्या पोटाखाली आडवे होऊन टॉर्च मारत असतात. गाडी जमिनीपासून किती उंच, टायर किती रुंद, टाकीत पेट्रोलच आहे की आणखी काही, आणि गाडी व चालक मिळून पाचशे नव्वद किलो भरतात की नाही. काटा पाचशे एकोणनव्वदवर थांबला तर पहिला नंबर गेला. कप परत.

असा माणूस मैदानावर ठीक आहे, घरात असू नये. आमच्या ताईच्या घरात तो सव्वीस वर्षं आहे. मी एकदा मोठ्या हौसेने त्यांच्या भिंतीवर पुस्तकांची फळी ठोकून दिली. भाऊजींनी तोंडभरून कौतुक केलं, चहा पाजला, आणि मग खिशातून पातळी बघायची बोटाएवढी काचेची नळी काढून फळीवर ठेवली. आतला बुडबुडा एका बाजूला सरकला.

"दोन मिलिमीटर उतरलीये."

"अहो, पुस्तकंच ठेवायचीत. ती काय घसरून पळून जाणारेत?"

"प्रश्न पुस्तकांचा नाहीये."

मी फळी काढली. भोकं अजून भिंतीवर आहेत आणि माझ्या मनातही आहेत, उगाच खोटं कशाला बोलू?

त्यांचा आवडता किस्सा टॉवेलचा. तो मी किमान चाळीस वेळा ऐकलाय, त्यांच्या लेकीने चारशे वेळा. एका शर्यतीत जिंकलेला मुलगा गाडीतून उतरून वजनकाट्याकडे चालला होता. घामाने निथळलेलं पोर बघून आईला राहवलं नाही. तिने दोरीवरून हात लांबवून ओला टॉवेल त्याच्या गळ्यात टाकला. आता नियम असा, की गाडीतून उतरल्यापासून वजन होईपर्यंत चालकाने काही प्यायचं नाही, अंगावर काही चढवायचं नाही. आणि दोरीपलीकडून काही देणाऱ्याला लेखी ताकीद. भाऊजींनी टॉवेल वेगळा तोलला. तीनशे दहा ग्रॅम. तेवढे वजा केल्यावर वजन कमी भरलं आणि कप गेला. ती बाई रडत म्हणाली, "तुम्हाला मूलबाळ आहे की नाही?" भाऊजी म्हणाले, "आहे. एक मुलगी." आणि टॉवेल घडी करून परत दिला.

तीच मुलगी, माझी भाची, पुढे शर्यतीत उतरली. ताईने डोक्याला हात लावला. भाऊजींनी मात्र पहिल्याच दिवशी अर्ज लिहून टाकला: माझी मुलगी स्पर्धक असेल त्या शर्यतीच्या तपासणीतून मला वगळावे. तीन वर्षं पोरगी कधी सातवी आली, कधी नववी, एकदा तर वाळूत रुतून बसली. मग या मोसमातल्या शेवटच्या शर्यतीत, शेवटच्या वळणावर पुढच्या दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि आमची मधून निघाली. पहिली!

मी ओरडून घसा बसवून घेतला. भाऊजी ओरडले नाहीत. ते आयुष्यात पहिल्यांदा दोरीच्या बाहेर, जिंकलेल्यांच्या आईबापांच्या घोळक्यात उभे होते आणि हातांचं काय करावं ते त्यांना समजत नव्हतं. त्या हातात स्वतःसाठी विकत घेतलेली पाण्याची बाटली होती. भाची गाडीतून उतरली, हेल्मेट काढलं, लालबुंद तोंडाने आमच्या समोरून काट्याकडे निघाली. भाऊजींनी दोरीवरून बाटली पुढे केली. "घे गं," एवढंच म्हणाले. तिने घेतली. भाऊजी चष्मा पुसायला वळले आणि बराच वेळ पुसत राहिले.

काट्यावर आकडा आला: पाचशे नव्वद किलो तीनशे ग्रॅम. ताईने मला मिठी मारली. आणि भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय झालं?"

"अर्ध्या लिटरची होती," ते म्हणाले. "पाचशे ग्रॅम."

हिशेब माझ्याही डोक्यात शिरला. ती पाणी प्यायली असेल, तर खरं वजन पाचशे एकोणनव्वद आणि वर थोडं. मी त्यांचा दंड धरला. "भाऊजी, गप्प बसा. कुणी पाहिलंय?"

"मी पाहिलंय."

"पोरीची तीन वर्षांची मेहनत आहे हो!"

"त्या टॉवेलवाल्या पोराचीही होती," ते म्हणाले आणि निघाले. खरं सांगतो, मला त्या क्षणी त्यांना उचलून वाळूत गाडावंसं वाटलं. ताई मागून हाका मारत होती. प्रमुख पंचांच्या खोलीच्या दाराशी आम्ही त्यांना गाठलं, पण तोवर ते आत शिरून उभे राहिले होते. "तक्रार नोंदवायची आहे," ते पंचांना म्हणाले. "माझ्याविरुद्ध."

पुढचं वाक्य त्यांना जमेना. तेवढ्यात काट्यावर बसणारी चष्मेवाली तपासनीस वही घेऊन आत आली. तिला हे काम भाऊजींनीच शिकवलेलं.

"बरं झालं सर, इथेच भेटलात. सही हवी होती तुमची."

भाऊजींनी वही घेतली. मी खांद्यावरून वाचलं. 'चालकाच्या वडिलांनी दोरीपलीकडून पाण्याची बाटली दिली. चालकाने ती न उघडता टायरच्या थप्पीवर ठेवली व नंतर वजन दिले. बाटलीचे सील तपासले, अखंड आहे. निकाल कायम. वडिलांना लेखी ताकीद व दोन शर्यतींसाठी मैदानबंदी द्यावी.'

माझा जीव भांड्यात पडला. भाऊजींनी नोंद दोनदा वाचली.

"दोन कमी होतात," ते म्हणाले. "नियम माहीत असणाऱ्याला तीन."

पंचांनी तीन केल्या.

बाहेर भाची उभी होती, हातात तीच बाटली. आता झाकण उघडून घटाघटा पीत होती.

"तहान लागली होती ना?" भाऊजींनी विचारलं.

"जीव जात होता बाबा. पण चारशे वेळा टॉवेल ऐकलाय मी."

"मग घेतलीस कशाला?"

"तुम्ही देत होतात," ती म्हणाली. "नाही कसं म्हणू?"

भाऊजींनी पुन्हा चष्मा काढला. या वेळी पुसलासुद्धा नाही, तसेच उभे राहिले. मीही दुसरीकडे बघितलं.

कप आता ताईच्या स्वयंपाकघरात आहे, त्यात चमचे असतात. ताकिदीचं पत्र मात्र भाचीने मागून घेतलं, काचेच्या चौकटीत घातलं आणि मला म्हणाली, "मामा, बैठकीत लावून दे. बाबांनी जन्मात एकच नियम मोडलाय, तोही माझ्यासाठी. सगळ्यांना दिसला पाहिजे." खिळा मी ठोकला. जुन्या फळीच्याच भोकात.

चौकट वाकडी लागली. लांबून, चष्म्याशिवाय दिसेल इतकी वाकडी. भाऊजी समोर येऊन उभे राहिले. त्यांचा हात खिशात गेला, नळीवर थोडा वेळ थांबला, आणि रिकामाच बाहेर आला.

"चांगली लागलीये," ते म्हणाले.