मैनाबाईच्या मोहावरचा नंबर

वनखात्यात पगारवाढ उशिरा होते, किस्से मात्र रोज साचतात. चंद्रपूर-गडचिरोली मिळून बारा वर्षं वनरक्षक आहे, माझं तर पोतं भरलंय. परवा एका मोहाच्या झाडावर नंबर टाकून आलो, तेव्हापासून जिवाला चैन नाही. एका जागी बसवत नाही, म्हणून बोलत सुटलोय.

वादळात देवाजीभाऊंच्या घरावर साग कलंडला, कौलांवर अर्धवट टेकून राहिला. आमचे साहेब म्हणाले, "पंचनामा होईपर्यंत झाडाला हात लावायचा नाही."

देवाजीभाऊंनी हात जोडले. "नाई लावत साहेब. पण त्यालेही सांगून ठेवा, मले हात लावू नको म्हणून."

एकदा सालईच्या ओल्या फांद्या जप्त केल्या. ठेवायला जागा नाही, म्हणून ऑफिसमागे जमिनीत उभ्या रोवल्या. केस बोर्डावर येईपर्यंत मुद्देमालाला पानं फुटली. कोर्टाचं पत्र आलं, मुद्देमाल हजर करा. साहेब कुऱ्हाड मागवायला लागले, तर क्लार्क आडवा आला, "सर, आता ते झाड आहे. तोडायला परमिशन लागेल!"

दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या आंब्यासाठी दोन भाऊ तहसीलपर्यंत भांडले. आम्ही पंचनाम्याला गेलो, तर दोघं त्याच आंब्याखाली शेजारीशेजारी झोपलेले. उठवलं तेव्हा थोरला म्हणाला, "ऊन उतरू द्या साहेब, मंग भांडतो."

आता परवाचं. रस्ता रुंद होतोय. जी झाडं तोडायची, त्यांच्या बुंध्यावर आम्ही रंगाने नंबर टाकतो. मैनाबाईच्या मोहाला सतरा नंबर आला. झाड सरकारी जागेत, पण त्याखालची फुलं आधी तिची सासू वेचायची, आता ती वेचते. गावात दुसरं कुणी तिथे टोपली घेऊन जात नाही. त्या फुलांवर तिचं वर्षाचं तेल-मीठ निघतं. कागदावर मात्र तिचं नाव कुठेच नाही.

बाई पाण्याचा लोटा घेऊन आली. नंबर सुकेपर्यंत बघत राहिली, मग त्याला हळदीचं बोट लावलं.

"बरं झालं बाबू. घरावर असाच नंबर टाकला होता, तं घरकुल भेटलं. आता झाडही माह्या नावावर होऊन राह्यलं."

मी सांगायला हवं होतं. मी ब्रश पुसत बसलो. लाज वाटते.

तिने माझ्या हातातल्या डब्यात डोकावून पाहिलं. "रंग उरला आहे ना? नाल्याकडं माहे अजून दोन मोह आहेत. त्यायलेही नंबर टाकून दे."