काकूची सायकल आणि आजोबांचा पाना

आमची काकू सकाळी कामाला निघाली की आधी तिचा आवाज यायचा, मग सायकल दिसायची. "अगं बाई, चल ना आता!" हे सायकलला असायचं. सायकल काही चालायची नाही.

काकू नर्स होती, पण तिचं काम घरोघरी जाण्याचं. कुणाला इंजेक्शन, कुणाची पट्टी बदलायची, अंथरुणाला खिळलेल्या कुणाच्या पाठीवर जखमा झाल्यात का ते बघायचं. आमचं घर टेकडीवर आणि तिचे निम्मे रुग्ण खाली नदीकडच्या वस्तीत. मधे लांबलचक उतार. जाताना मजा, येताना पाय गळ्यात. म्हणून तिनं बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरीणबाईंची जुनी गियरची सायकल घेतली होती. मागे सहा दातेरी चकत्या, आणि चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा एक लोंबता भाग. सायकलवाले त्याला डिरेलर म्हणतात. काकू त्याला शेपूट म्हणायची, आणि आमच्याकडे तेच नाव पडलं.

या शेपटानं तिला जेरीस आणलं होतं. चढावर जोर लावला की चेन कटकन घसरायची, पाय रिकामा फिरायचा आणि गुडघा हँडलवर आपटायचा. सुट्टीच्या दिवशी ती पॅसेजमध्ये जुनी चादर अंथरून सायकल उलटी करायची. एका हातानं पायडल फिरवायचं, दुसऱ्यानं वायरचा स्क्रू किंचित इकडे, किंचित तिकडे. तिसरा गियर बरा झाला की पाचवा रुसायचा. पाचव्याची समजूत काढली की दुसऱ्यात किरकिर सुरू. काकूच्या नाकावर काळा डाग, केसांत ग्रीस, आणि नेमकी त्याच वेळी मागून हाक.

"जरा मी बघू का?"

हे आजोबा, म्हणजे काकूचे सासरे. त्यांची सगळी नोकरी पाणी उपसणाऱ्या पंपांवर गेली. तिथे काही गळलं की आवळायचं, एवढा एकच धर्म. निवृत्त झाल्यावर त्यांनी तो घरात आणला. नळ असे आवळलेले की तोंड धुवायलाही ताकद लागायची. बरण्यांची झाकणं उघडायला काकांना हाक मारावी लागायची, आणि काका छापखान्यात गेलेले असले तर लोणचं संध्याकाळी.

"नको बाबा. बसा तुम्ही."

"ढिलं आहे ते. आवाजावरूनच कळतंय."

"ढिलं नाही. जागेवर नाही."

"ढिलं असल्याशिवाय जागा सोडेल कसं?"

जागा का सोडतंय हे काकूलाही ठाऊक नव्हतं. मग ती पाना असा आपटायची की काका मुकाट्यानं चपला घालून बाहेर पडायचे. या प्रकरणात त्यांनी पहिल्यापासून कुणाचीच बाजू घेतली नव्हती.

गियरचं हे असं चाललेलं असताना ब्रेकनं नवीनच नाटक सुरू केलं. काकू ब्रेकचे रबर चाकाच्या रिमपासून नीट अंतरावर बसवायची, चाक फिरवून बघायची, हात झटकायची. दोन दिवसांत रबर पुन्हा रिमला चिकटलेले. चाक घासत फिरायचं, सपाट रस्त्यावरही चढ चढल्यासारखा दम लागायचा. भरीला सहावा गियर, उतारावर वापरायचा तो, पडायचाच बंद झाला. ती उताराखालच्या सायकलवाल्याकडे गेली. त्यानं सगळं सैल करून, पुन्हा लावून दिलं. आठवडाभरात परत तेच. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो कंटाळून म्हणाला, "ताई, वायर स्वतःहून सैल पडते, स्वतःहून घट्ट कधीच होत नाही. घरात कुणी हात लावतंय का?"

"घरात कोण लावणार?" काकू म्हणाली. आणि बरोबर त्या वाक्यावर तिला आजोबा आठवले नाहीत, याचं मला आजही नवल वाटतं. बहुधा तिला वाटत असेल, आजोबांनी हात लावला असता तर गावभर सांगितलं असतं.

मग ती सकाळ आली. खालच्या वस्तीत एक निवृत्त शिक्षिका होत्या, साखरेच्या आजारानं पायाला जखम झालेली. काकूनं जाऊन इन्सुलिन दिल्याशिवाय त्या घास खात नसत. त्या दिवशी काकू आधी टेकडीमागच्या एका रुग्णाकडे गेली होती. परतताना चढावर चेन घसरली ती थेट चकत्या आणि चाकाच्या तारा यांच्या मधल्या फटीत जाऊन अडकली. वर ब्रेक आवळलेले, म्हणून सायकल ढकलायचीही सोय नाही. मागचं चाक उचलून धरत ती निम्मा रस्ता चालली. पोचली तेव्हा बाई भुकेनं पांढऱ्या पडलेल्या, आणि त्यांची मुलगी दारातच उभी.

"आईनं उपाशी किती वेळ बसायचं?"

"सायकल बिघडली हो."

"रोजच बिघडते तुमची सायकल!"

काकू एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हे. त्या दिवशी ऐकून घेतलं, कारण मुलीचं खरं होतं. बाईंनी चार घास खाल्ले, चेहऱ्यावर रंग आला, तेव्हा कुठे ती उठली. तशीच सायकलवाल्याकडून चेन मोकळी करून, ब्रेक सैल करून घरी आली. न जेवता जाऊन पडली. पण डोळा लागेना, म्हणून पाणी प्यायला उठली तर पॅसेजमध्ये आजोबा सायकलपाशी उकिडवे बसलेले. एका हातात पाना, दुसऱ्यात स्क्रू ड्रायव्हर, चष्मा नाकाच्या टोकावर.

"बाबा!"

आजोबा दचकले नाहीत. हातातला फेरा पुरा केला, मगच वळले.

"काय करताय तुम्ही?"

"आवळतोय."

"म्हणजे हे सगळं तुम्ही… इतके दिवस? आणि सहावा गियर?"

"तोही मीच बंद केला. तो छोटा स्क्रू आत घेतला की चेन तिथवर जातच नाही." सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

"अहो, पण का?"

"कारण उतारावरून तू कशी येतेस ते मी पाहिलंय. भाजी आणायला गेलो होतो. टेम्पोला मागे टाकलंस तू."

"टेम्पो थांबलेला होता!"

"चालत होता. मी पाहिलंय."

काकू हसली नाही. शिक्षिकाबाईंचा पांढरा चेहरा तिच्या डोळ्यांपुढून जात नव्हता. तिनं तो सगळा प्रकार सांगितला, आवाज न चढवता. आजोबांनी पाना खाली ठेवला. मग म्हणाले, "ते मला कुठे माहीत होतं?"

"विचारलं कुठे तुम्ही? सांगितलं तरी होतं का?"

"सांगून ऐकली असतीस?"

काकूनं त्यांच्यादेखत ब्रेक मोकळे केले, छोटा स्क्रू बाहेर घेतला, सायकल दाराबाहेर काढली.

"चला, बसा मागे."

"कुठे?"

"कॅरिअरवर. मी कशी येते ते दुरून बघितलंत. आता जवळून बघा."

मी गच्चीतून बघत होतो. घरातल्या सपाता घातलेले आजोबा कॅरिअरवर, पाय फाकून, एका हातानं सुनेची सीट घट्ट धरलेली. उतार सुरू झाला तसा त्यांचा आवाज सुरू झाला. "ब्रेक! अगं ब्रेक! गाय आहे पुढे!" गाय कुठेच नव्हती. काकू प्रत्येक वळणाआधी दोन्ही ब्रेक हलकेच दाबत होती, वेग मोडत होती, वळण झालं की सोडत होती. पुढचं तिनंच नंतर सांगितलं. निम्म्या उतारावर आजोबा गप्प झाले. तिला वाटलं, घाबरले. तर ते वाकून मागे खाली बघत होते.

खाली पोचल्याबरोबर ते उतरले आणि सायकलच्या मागे जाऊन एक डोळा मिटून उभे राहिले.

"हे तुझं शेपूट तिरकं आहे."

"काय?"

"इकडून बघ. चकत्या सरळ उभ्या आहेत, हे आत झुकलंय."

काकूनं बघितलं. खरंच झुकलेलं होतं. इतके महिने सायकल उलटी करून ती बाजूनंच बघत आली होती. मागून, सायकल चाकांवर उभी असताना, कधी बघितलंच नव्हतं. समोरच्या दुकानातून सायकलवाला आला, त्यानंही बघितलं आणि कपाळावर हात मारला. सायकल कधीतरी त्या अंगावर आपटली असणार. ज्या लोखंडी कानाला शेपूट अडकवलेलं असतं, तो कानच वाकला होता. मग स्क्रू कितीही फिरवा.

त्यानं शेपूट सोडलं, त्या कानाच्या भोकात दुसऱ्या एका सुट्या चाकाचा कणा फिरवून बसवला आणि ते चाक धरून हळूहळू बाहेर ओढू लागला. दोन्ही चाकं समांतर दिसेपर्यंत ओढायचं.

"अरे, तुटेल!" आजोबा ओरडले.

"आजोबा, तुम्ही जरा तिकडे बसता का?"

"बाबा, बसा," काकू म्हणाली. ते बसले, पण तोंड फिरवून.

शेपूट परत लागलं, आणि सहाच्या सहा गियर एकामागून एक पडले. आवाज नाही, किरकिर नाही. काकूनं सायकल चढाला घातली. जोर लावला, चेन घसरली नाही. आणखी लावला. पहिलं वळण, दुसरं वळण. ती जी निघाली ती टेकडीवर घरापाशीच थांबली, आणि मग तिला आठवलं की सासरे खाली स्टुलावर बसलेत. चरफडत परत खाली.

आजोबा रस्त्याच्या कडेला येऊन उभे होते. तिला वरून खाली येताना त्यांनी पूर्ण पाहिलं.

"कोपऱ्यावर घंटी वाजवत जा."

"वाजवली."

"मला नाही ऐकू आली."

"बाबा, तुम्हाला दारावरची बेलसुद्धा ऐकू येत नाही!"

वर येईपर्यंत दोघं भांडत होते. काकू सायकल धरून चालत होती, आजोबा मागून कॅरिअर ढकलत होते आणि ती म्हणत होती, ढकलू नका, दम लागेल. काकांनी दार उघडलं आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "सायकल मी पाडलेली नाही." काकूनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते चपला शोधू लागले.

त्या संध्याकाळी ठरलं: गियरला कुणी हात लावायचा नाही. ब्रेक आजोबांनी बघायचे, पण काकूसमोर, आणि चाक मोकळं फिरतंय ना ते तिनं तपासायचं. उतार हळू उतरायचा, हे तिनं कबूल केलं. गियर खरंच कुणी शिवला नाही. शिक्षिकाबाईंचं इन्सुलिन पुन्हा लांबलं नाही, त्यांची जखमही भरत आली. उताराचं मात्र मला सांगता येणार नाही. आजोबा भाजी आणायला मुद्दाम तिच्या उतार उतरायच्या वेळेला जायचे आणि घरी येऊन भांडायचे, यावरून काय ते समजा.