दोरा दे, बिबडं घे

धुळ्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झाल्यावर सर्जन डॉक्टरांनी आम्हाला आत बोलावलं आणि स्टीलचा ट्रे पुढे केला. ट्रेमध्ये दोऱ्यांचा ओला गोळा होता, मुठीएवढा. त्यातला पोपटी दोरा मी ओळखला. तो माझ्या शिलाई मशीनवरचा होता.

"याला बेझोआर म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "न पचणाऱ्या वस्तूंचा पोटात साचलेला गोळा. आणि हिला जो आजार आहे तो पायका. खायचं नसतं ते खाणं. पुन्हा गोळा झाला तर पुन्हा पोट उघडावं लागेल, आणि दर वेळी ते जास्त अवघड होईल. लक्ष ठेवा."

हिला म्हणजे निमाला. माझी नणंद, वय एकतीस. तिला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. दोन-तीन शब्द बोलते, आपल्या हाताने जेवते, टीव्हीवर गाणं लागलं की टाळ्या वाजवते. मी लग्न होऊन शिरपूरला आले तेव्हापासून तिचं सगळं माझ्याकडे. दोरा तोंडात धरायची तिची सवय जुनीच; मी रागवायचे, पण ती तो गिळते हे कळलं नव्हतं. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर, दिवसभर बाहेर. सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्यांचे गुडघे गेलेले. मी घरी ब्लाउज शिवते.

ऑपरेशनच्या आधी तीन महिने निमा उलट्या करत होती. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, जंतांचं औषध झालं. पोट फुगलं तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली.

'लक्ष ठेवा' हे शब्द पुढे मी इतक्या जणांकडून ऐकले की ते कानावर पडले तरी डोकं तापायचं. लक्ष म्हणजे किती? मी आंघोळीला जायचं की नाही? कसं ठेवायचं हे एकानेही सांगितलं नाही. वॉर्डातच, टाके ओले असताना, चौथ्या दिवशी ती ब्लँकेटची कड तोंडात धरून बसली होती. सिस्टर मला म्हणाल्या, "अहो, लक्ष कुठंय तुमचं?" मी तिच्यासाठी औषध आणायला खाली गेले होते.

घरी आल्यावर अक्कांनी निकाल दिला, "हाई बठ्ठं तुना मशीनमुळे व्हयनं."

सगळा दोष मशीनचा ठरला. मी मशीनवर चादर टाकली. बायकांची कापडं परत केली. घरातला दोरा न् दोरा वेचला. सव्वा महिन्याने निमाच्या अंथरुणातली गोधडी उचलली तर तिची एक कड गायब. मशीन बंद, माझं काम बंद, आणि खाणं चालूच.

मग तपासण्या. रक्तात लोह कमी असलं की असं होतं म्हणे, म्हणून हिमोग्लोबिन बघितलं. कमी होतं. गोळ्या दिल्या, ते वाढलं, दोरे चालूच. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी गोळी दिली. त्या गोळीने ती दिवसभर झोपायची आणि उठली की पदर चघळायची. दोंडाईच्याच्या मावससासूबाईंनी हाताला मिरची लावायला सांगितली. कोणी म्हणालं, मार एकदा चांगली.

एका दुपारी मी तिचे हात ओढणीने बांधले. अर्धा तास. ती रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. हे लिहायला लाज वाटते. तरी लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी हे केलेलं असेल.

धुळ्याच्या विशेष शाळेतल्या बाईंनी कल्याणी मॅडमचा नंबर दिला. त्या जळगावच्या, पीएच.डी. करणाऱ्या. विषय, अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस. म्हणजे माणूस एखादी गोष्ट कधी करतो, तिच्या आधी काय घडतं आणि नंतर त्याला काय मिळतं, हे मोजायचं आणि मग त्यात बदल करायचा. मी म्हटलं, चला, आता इलाज सुरू होईल. त्यांनी एका फॉर्मवर माझी सही घेतली आणि हातात तक्ते दिले.

"पहिले दोन आठवडे फक्त मोजायचं, वहिनी. दोरा तोंडाजवळ गेला तर काढून घ्या, पण रागवू नका, बोलू नका. वेळ आणि जागा लिहा."

मोजून पोट साफ होतं का? पोळ्या लाटताना पीठभरल्या हाताने मी पेन्सिल धरत होते. तक्त्याला तेल लागलं की मॅडम नवीन तक्ता द्यायच्या.

नंतर त्यांनी खाण्याच्या रंगात बुडवून वाळवलेल्या शेवया आणल्या. दिसायला थेट दोरे, गेल्या पोटात तर काही बिघडायला नको. त्या जमिनीवर टाकून दहा-दहा मिनिटांच्या चाचण्या. एकदा निमाला एकटं बसवून खिडकीतून बघायचं. एकदा मी जवळ बसायचं आणि तिने उचललं की "अगं नको" म्हणायचं. एकदा कपड्यांच्या घड्या घालायचं काम द्यायचं. एकदा तिच्याशी खेळायचं. आठवडाभर हेच. अक्का दारात बसून बघायच्या आणि म्हणायच्या, "पीएच.डी. आसं ऱ्हास का?" म्हणजे, पीएच.डी. अशी असते का?

निकाल मात्र स्पष्ट निघाला. एकटी असली की शेवयांचा फडशा. कोणी खेळत असलं की हातही लावत नव्हती.

"ती तुम्हाला त्रास द्यायला करत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही रागावल्याने वाढत नाही आणि कमीही होत नाही. हाताला आणि तोंडाला काही नसतं, तेव्हा दोरा चघळून तिला बरं वाटतं. बस्स."

मी किती वर्षं रागावत होते! आणि त्याचा कशाशीच संबंध नव्हता.

मग दोन-दोन पदार्थ समोर ठेवून तिला काय जास्त आवडतं ते बघितलं. बिस्कीट, फुटाणे, केळं, चिक्की, सगळ्यांवर मात केली अक्कांच्या बिबड्याने, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडाने. भाजलेला, कुरकुरीत. शिकवायचं इतकंच, की दोरा सापडला तर माझ्या हातात द्यायचा आणि बिबड्याचा तुकडा घ्यायचा. सुरुवात स्वयंपाकघरात. बाकी घरात आधीसारखंच, मोजायचं आणि अडवायचं. दीड महिन्यात स्वयंपाकघरातले आकडे उतरले. ती ओट्याखालचा दोरा उचलून स्वतः माझ्याकडे यायला लागली. ते बघून अक्काही बिबडे भाजून डबा भरून ठेवायला लागल्या.

आणि मग एके दिवशी मॅडम म्हणाल्या, "आता चार दिवस बिबडं द्यायचं बंद करू."

"का?"

"सुधारणा त्याच्यामुळेच झाली की आपोआप, हे दाखवावं लागतं. बंद केल्यावर दोरे पुन्हा वाढले की सिद्ध होतं."

"कोणाच्या पोटात वाढले की?"

त्यांनी तक्ता बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "फॉर्मवर लिहिलं होतं, वहिनी."

लिहिलं होतं. मी न वाचता सही केली होती. त्याच्याच खाली, सहभागी कधीही बाहेर पडू शकतो, असंही लिहिलं होतं. मी फॉर्म त्यांच्या पुढे धरला आणि म्हटलं, "तो ट्रे तुम्ही बघितलेला नाही. मी बघितलाय. घ्या तुमचे तक्ते." त्या चहा न घेता गेल्या. मी बिबडं देत राहिले, पण पुढच्या खोलीत काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. ते आठ दिवस वाईट गेले.

नवव्या दिवशी मॅडम परत आल्या.

"गाइड सरांशी बोलले. काही काढून घ्यायचं नाही. पुढच्या खोलीत आपण अजून काही शिकवलेलं नाही, तिथे आता सुरू करू. ते जमलं की अंगणात. जिथे शिकवू तिथेच आणि तेव्हाच दोरे कमी झाले, तर तेवढा पुरावा पुरतो."

"हे आधी का नाही सुचलं?"

"आधी कोणी भांडलं नाही."

पुढची खोली, मग अंगण. त्याच क्रमाने आकडे उतरले. मी मशीनवरची चादर काढली. दोंडाईच्याला मावससासूबाईंकडच्या लग्नात निमाने सतरंजीच्या गोंड्यातले दोरे खाल्ले, तेव्हा मी मंडपात रडले. घरी येऊन पुन्हा तक्ता लावला. वर्षभराने धुळ्याला सोनोग्राफी केली. पोट साफ होतं. आकडा शून्यावर आलेला नाही, येईल असं मॅडमही म्हणत नाहीत.

मागच्या महिन्यात त्या बांधलेला प्रबंध घेऊन आल्या. अक्कांनी पानं उलटायला लावली. "मनी पोरनं नाव कोठे शे?"

निमाचं नाव नव्हतं. 'सहभागी क्रमांक दोन' होतं. नावं छापायची नसतात, मॅडमनी समजावलं. अक्कांना ते पटलं नाही.

मला मात्र दुसरंच दिसलं. दोन आहे म्हणजे एक पण आहे, आणि पुढच्या पानावर तीनही होतं. मी विचारलं, कोण? मॅडम म्हणाल्या, "सांगता येत नाही, वहिनी."

नका सांगू. पण इथेच कुठेतरी, शिंदखेड्याला म्हणा, जळगावला म्हणा, अजून दोन घरांत कोणीतरी चिडचिड करत तेलकट तक्त्यावर रेघा मारल्या आहेत. आणि ज्या घरांत अजून तक्ता पोचलेला नाही, तिथे कोणी ओढणी हातात घेऊन उभी असेल, तर बाई, ती खाली ठेव. आधी मोज. सही करण्याआधी सगळं वाच. आणि पटलं नाही, तर भांड.