निकेल निर्दोष होतं

बंगळुरूजवळच्या आनेकलमधल्या आमच्या शेडमधलं यंत्र हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवायचं. भट्टीच्या धुरातून काढलेल्या वायूचं पुन्हा जळण! हे घडायचं तापलेल्या निकेलच्या भुकटीवर, आणि ती भुकटी नागपूरहून आलेल्या आमच्या तरुण रसायनतज्ज्ञ बाईंनी तयार केली होती.

आयुधपूजेला बंगळुरात लहानमोठा प्रत्येक कारखाना यंत्रं धुऊनपुसून त्यांना कुंकू लावतो. त्या आठवड्यात बाई गावी निघाल्या होत्या. जाताना बजावलं, "सर, हार घाला, नारळ फोडा, पण झाकणाला हात नका लावू. हवा लागली की निकेल पेटतं, मग ते संपलंच."

प्रमुख मी. आमच्या घराण्यात दसऱ्याला तलवार म्यानातून काढून पुसतात, तेव्हा यंत्र वरवर पुसणं मला पटेना. गॅस काढून टाकला आणि झाकण उघडायला लावलं. भुकटी निखाऱ्यासारखी लाल झाली. झाकण घाईघाईने बंद केलं आणि आरती म्हटली.

सुट्टीनंतर मिथेन येईना. मालकांना मी सांगितलं, "भुकटीच टिकाऊ नाही." बाईंची नोकरी गेली.

आता, इतक्या वर्षांनी, त्यांनी स्वतःचं यंत्र उभारलंय. पैसे लावणारे विचारतात, तुमचं निकेल मागे फुकट गेलं होतं ना? हे कानावर आलं तेव्हा मी फोन करून सगळं सांगितलं.

"मला शंका होतीच," त्या म्हणाल्या. "माफी नको, सर. हेच त्यांच्यासमोर बोला."

बायको म्हणाली, "या वयात कशाला? स्वल्प गप्प बसा की!" एक जुना सहकारी जे. पी. नगरच्या आमच्या घरी आला. "अण्णा, पूजेचं नाव तरी काढू नका."

"पूजेचा काय संबंध? झाकण उघडायला देवाने सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं."

पैसे लावणाऱ्यांच्या बैठकीत मी उभा राहून बोललो. एक साहेब हसले. "म्हणजे इतकी वर्षं खोटं बोलत होता?"

"होय. आता खरं बोलतोय, तर ऐका."

त्यांनी अजून होकार दिलेला नाही. नाही दिला तर नाही, पण नकाराला निकेलचं कारण आता त्यांना देता येणार नाही. कुणी दिलंच, तर मला बोलवा. मी पुन्हा उभा राहीन.