शुभांगीची लेक कुठे असते

फोन ईशाचा होता. मे महिन्यातली दुपार, मी आखातात, अल क्वोजमधल्या आमच्या गोडाऊनच्या ऑफिसात एका अडकलेल्या कंटेनरच्या कागदांत डोकं घालून बसले होते. ईशा म्हणजे माझ्या मैत्रिणीची, शुभांगीची, एकुलती एक मुलगी. तिचा फोन मला सहसा येत नाही. तिने हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "मीनामावशी, आईकडे जाशील? मी दुसऱ्या फोनवरून बोलतेय. आईचा कॉल अजून चालू आहे, पण ती बोलत नाहीये… मला फक्त एसीचा आवाज येतोय."

शुभांगी आणि मी अल बर्शाच्या एकाच इमारतीत राहायचो, ती सहाव्या मजल्यावर, मी चौथ्या. तिची एक किल्ली आमच्याकडे असायची. मी नवऱ्याला फोन करून घरी पिटाळलं, अॅम्ब्युलन्सला कळवलं आणि टॅक्सीत बसले. पोहोचले तेव्हा अॅम्ब्युलन्सची माणसं सामान आवरत होती. शाळेतून येऊन चहा ठेवून शुभांगी लेकीशी बोलत बसली होती, तेवढ्यात हृदय बंद पडलं. टेबलावर फोन तसाच उजळलेला होता आणि त्यात ईशाचा चेहरा होता. मी तो फोन हातात घेतला. पुढे जे सांगायचं होतं ते मलाच सांगावं लागलं.

शुभांगी इथल्या एका भारतीय शाळेत भूगोल शिकवायची. नवरा गेल्यावर लोकांना वाटलं होतं की ही आता पुण्याला परत जाईल, पण ती स्वतःच्या व्हिसावर राहिली, मुलीला वाढवलं आणि शिकवत राहिली. कडक बाई म्हणून तिचा लौकिक होता. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी "कॅनडात उणे चाळीस" असं काही म्हटलं की ही लगेच विचारायची, कॅनडात कुठे? अर्धवट माहिती तिला खपायची नाही. आणि नेमकी हीच बाई, आपली लेक कुठे असते या प्रश्नाला इतकी वर्षं अर्धवट उत्तर देत आली होती. "डेन्मार्कला," एवढंच म्हणायची आणि विषय बदलायची. मी तिची सगळ्यात जवळची मैत्रीण, मलाही हेच माहीत होतं. ईशा समुद्री जीवांचा अभ्यास करायला कोपनहेगनला गेली, तिथेच नोकरी लागली, लग्न केलं, रजिस्टर पद्धतीने. फोटो? "अगं, साधंच केलं त्यांनी," असं म्हणून तिने फोन पर्समध्ये टाकलेला मला आठवतो.

खरी गोष्ट मला या वर्षी कळली, तीही फार वाईट रीतीने. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. बाहेरच्या खोलीत पुरुष मंडळी टीव्हीवर बातम्या लावून बसली होती आणि बातम्यांत त्या दिवसांत डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या ग्रीनलँडशिवाय दुसरं काही नव्हतं. एका मोठ्या देशाला ते बेट हवंय, विकत घेणार की ताब्यात घेणार, यावर चर्चा. आमच्या मंडळातल्या एक बाई तिळगूळ खाता खाता म्हणाल्या, घेऊ दे की, तिथे आहे कोण? चार अस्वलं आणि दोन एस्किमो. सगळ्या हसलो. मग कोणीतरी शुभांगीकडे वळून म्हणालं, तू भूगोलवाली ना, तू सांग. शुभांगीच्या हातात वाण होतं. तीही हसली. म्हणाली, "बर्फच बर्फ. दुसरं काय असणार?"

कोणीतरी काढलेला त्या संध्याकाळचा व्हिडिओ ग्रुपवर फिरला, तिथून फेसबुकवर गेला आणि हजारो मैलांवर ग्रीनलँडमधल्या नूक गावात बसलेल्या ईशाने तो पाहिला. तिथे ती तीन वर्षांपासून राहत होती. तिचा नवरा तिथल्याच मूळ इनुइट लोकांपैकी. व्हिडिओ पाहून तिने आईला एकच फोन केला. "आई, तिथे कोण आहे असं त्यांनी विचारलं आणि तू हसलीस. तिथे मी आहे." त्यानंतर तिने आईचा फोन उचलणं बंद केलं.

काही आठवड्यांनी शुभांगी माझ्याकडे आली. शनिवार होता, माझी भाजी निवडून व्हायची होती. ती समोर बसली आणि न विचारता मेथी निवडू लागली. मग सगळं सांगितलं, मान खाली घालून. जावयाचं नाव मलिक. तिथे हे नाव घरोघर असतं, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ लाट. पण इथे मलिक म्हटलं की लोक विचारणार, मुसलमान का? नाही म्हटलं तर विचारणार, मग कोण? मग तो कोण ते सांगायचं, तो बोट घेऊन मासेमारीला जातो हे सांगायचं, सील हा समुद्री प्राणी मारतो आणि घरी सगळे ते खातात हे सांगायचं… "वीस वर्षं मी सातवीला टुंड्रा शिकवते, मीना. फळ्यावर इग्लू काढते. कच्चं मांस खाणारे लोक, असं सांगते आणि पोरं ईऽऽ करतात. मीही हसते. माझा जावई त्यातला, हे मी कोणाला कुठल्या तोंडाने सांगणार होते?" थोड्या वेळाने ती म्हणाली, "आधी मला तिची लाज वाटायची. आता माझी वाटते. आणि ही दुसरी फार वाईट आहे."

मी तिला काय बोलले ते मला आठवत नाही. बहुधा काहीतरी थातुरमातुर. मनातून मी हाच हिशेब करत होते की त्या दिवशी घर माझं होतं, पाहुण्या माझ्या होत्या आणि हसण्यात मीही होतेच.

पुढचं मला लिफ्टमध्ये कळलं, सातवीतल्या एका मुलीच्या आईकडून. शुभांगीने वर्गात टुंड्राचा धडा काढला आणि मुलांना सांगितलं की पुस्तकात जे आहे आणि मी आजवर जे शिकवलं, त्यातलं बरंच चुकीचं आहे. तिथे इमारती आहेत, बस आहे, युनिव्हर्सिटी आहे, निवडणुका होतात. एस्किमो हे नाव तिथल्या लोकांनी स्वतःला दिलेलं नाही, आपण ते वापरायचं नाही. यावर एका मुलीने हात वर केला. "मॅम, हाऊ डू यू नो?" लिफ्टमधली बाई म्हणाली, टीचरनी खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "बिकॉज माय डॉटर लिव्ह्ज देअर. माय सन-इन-लॉ इज फ्रॉम देअर."

संध्याकाळपर्यंत सगळ्या आयांना बातमी लागली होती. मलिक नावावरून जे विचारलं जाईल अशी तिला भीती होती, ते सगळं विचारलं गेलं. पाठीमागे जे बोललं गेलं ते माझ्याही कानावर आलं. इथे लिहायची इच्छा नाही. शुभांगीने ईशाला फोन लावला आणि या वेळी तिने उचलला. वर्गातली हकीकत ऐकून ईशा म्हणाली, आई, मुलांना सांगितलंस, मोठ्यांना कधी सांगणार? लेकीचं म्हणणं तिने मनावर घेतलं. पाडव्याच्या कार्यक्रमात ती स्वतःहून त्या हळदीकुंकवातल्या बाईंपाशी गेली, फोनवर लग्नाचा फोटो उघडला आणि म्हणाली, "हा माझा जावई. तुम्ही म्हणालात ना तिथे कोण आहे, तिथे हा असतो. तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, तरी मी हसले." त्या बाई बिचाऱ्या ओशाळून गेल्या. पण त्यांच्यापेक्षा शुभांगीचाच चेहरा बघवत नव्हता.

पाडव्यानंतर मी दर रविवारी दुपारी तिच्याकडे जायला लागले. इथे ऊन उतरायची वेळ असायची आणि तिकडे सकाळ. स्क्रीनवर ईशा, कधी मलिक आणि बहुतेक वेळा मलिकची आई नाया, म्हणजे शुभांगीच्या विहीणबाई. नायाने सगळी उमर माशांच्या कारखान्यात काढली होती. तिला मराठी नाही, इंग्रजी जेमतेम. ईशा मध्ये बसून तिची भाषा आमच्याकडे आणि आमची तिच्याकडे पोहोचवायची. आम्ही सुरुवात बातम्यांनी करायचो. मलिक सांगायचा की परदेशी पत्रकार रस्त्यात कोणालाही थांबवून विचारतात, तुम्हाला कोणत्या देशाकडे जायचंय. "नोबडी आस्क्स, डू यू वॉन्ट टू स्टे." डेन्मार्कबद्दलही तो फार प्रेमाने बोलायचा नाही. खाणी उघडाव्यात की नाही यावर त्याचं आणि ईशाचं आमच्यादेखतच वाजायचं. उत्तरेकडे राहणाऱ्या त्याच्या मामाने बर्फ भरवशाचा राहिला नाही म्हणून स्लेजचे कुत्रे कमी केले होते. ते सांगताना एरवी बडबड्या मलिक थांबत थांबत बोलला. नायाला मात्र आमचं कुतूहल. तिने एकदा अगदी मनापासून विचारलं की तुमच्याकडे इतक्या उन्हात माणसं राहतात तरी कशी?

एका रविवारी नायाने तिच्या लहानपणचं सांगितलं. चांगलं शिक्षण मिळावं म्हणून तिला वर्षभर डेन्मार्कला एका अनोळखी कुटुंबात ठेवलं होतं. परत आली तेव्हा आई बंदरावर न्यायला आली आणि हिला आईशी बोलायला शब्द सुचेनात. त्याहून वाईट म्हणजे आईचे कपडे, आईच्या अंगाचा वास, आईची भाषा, सगळ्याची लाज वाटायला लागली होती. ईशाने हे मराठीत आणताना मध्येच इंग्रजी धरलं, मग तेही सोडलं. शुभांगी टेबलाची कड धरून बसली होती. तिने ईशाला सांगितलं, त्यांना सांग की मी तीन वर्षं तुम्हाला लपवून ठेवलं, मला माफ करा. ईशा म्हणाली, हे मी नाही सांगणार. तू येशील तेव्हा तूच सांग.

जुलैच्या सुट्टीत ती जाणार होती. तिकीट झालं होतं, थंडीचा कोट मी माझा देणार होते. माफीचं ते एक वाक्य ती मलिककडून त्याच्या भाषेत शिकत होती. अख्खं वाक्य एकाच भलत्या लांब शब्दात होतं, मधेच जीभ अडखळायची आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची…

शुभांगी गेल्यावर नूकहून निघून, कोपनहेगनला विमान बदलून ईशा, मलिक आणि नाया इथे आली तोवर आम्ही परवानग्यांचे कागद करून ठेवले होते. जेबेल अलीच्या स्मशानात अग्नी ईशाने दिला. मलिक तिच्या शेजारी उभा होता, उन्हाने लालबुंद झालेला. मंडळातले बरेच लोक आले. नाया कोणाशी बोलली नाही, पण शेवटपर्यंत ती ईशाचा हात धरून होती.

दुसऱ्या दिवशी शुभांगीच्या घरी आम्ही चौघंच होतो. ईशा कपाट आवरत होती. मध्येच ती थांबली आणि नायाशी तिच्या भाषेत बोलू लागली, बराच वेळ. मला कळलं की आईचा माफीचा निरोप ती आता सांगते आहे. बोलून झाल्यावर ती रडली. नायाने ऐकून घेतलं, मग सावकाश उत्तर दिलं आणि ईशाने ते माझ्यासाठी मराठीत सांगितलं.

आपल्याला लपवलं जातंय हे नायाला सुरुवातीपासून माहीत होतं. लग्नानंतर अधूनमधून त्या दोघींची भेट व्हायची स्क्रीनवर. तेव्हा शुभांगीच्या पाठीमागे नेहमी नुसती भिंत दिसायची आणि दाराची बेल वाजली की शुभांगी घाईने लॅपटॉप मिटायची. नाया म्हणाली, लाज वाटणारं माणूस मला लगेच ओळखू येतं, मी लहानपणी स्वतः तशी होते. मग या वसंतात एका रविवारी शुभांगी दुसऱ्याच खुर्चीवर बसलेली दिसली. तिच्या पाठीमागे भिंत नव्हती, घराचं दार होतं. बेल वाजली. लॅपटॉप उघडाच ठेवून ती दार उघडायला गेली आणि दारात हातात वाटी घेऊन एक बाई उभी होती. तिने आत पाऊल टाकताच सरळ स्क्रीनवरच्या नायाकडे पाहिलं… "ती तू होतीस," नाया मला म्हणाली. "शुभांगीला मी त्याच दिवशी माफ केलं."

वाटीत श्रीखंड होतं. माझ्या एवढंच लक्षात राहिलं होतं.

मी टेबलाकडे पाहिलं. खुर्ची अजून दाराकडे पाठ करून होती. ईशा ती सरकवून टेबलाखाली ढकलायला निघाली, तेव्हा नायाने तिचा हात धरला. आता ती तिघं परत गेली आहेत; घर रिकामं करून द्यायला अजून थोडे दिवस आहेत. रोज संध्याकाळी मी कुलूप उघडून आत जाते, झाडांना पाणी घालते. दारातून आत शिरलं की शुभांगीची खुर्ची पाठमोरी दिसते आणि तिच्यापलीकडे टेबल, जिथे आत येणाऱ्या प्रत्येकाला विहीणबाई दिसाव्यात म्हणून तिने लॅपटॉप मांडला होता.